पलीकडच्या टेकाडावरचा कंदील

सारजाबाई : भाकरी गार आहे.

सरूबाई : असंल.

सारजाबाई : असंल काय? हात लावून बघ. मागच्या रविवारी वाफ निघत होती.

सरूबाई : मागच्या रविवारी मी आधी तुमच्याकडं आलते. आज आधी पलीकडच्या टेकाडावर गेले, मग वढा उतरून इकडं. टेकाडं दोन, भाकरी दोन आन पाय मपले एकटीचे. खावा गुमान.

सारजाबाई : आधी तिच्याकडं का गेलीस?

सरूबाई : आक्का, तुमच्या भावानं लग्नाच्या साली मला एवढे सवाल केले नव्हते. खावा. बिशपसाहेबांनी तुम्हा दोघींना मुभा दिली, की रविवारची भाकरी हातात हाय तवर बोला, शेवटचा घास गेला की मौन. तर तुम्ही एका भाकरीला दुपार करता. औरंगपुऱ्यातली मपली भाजीची पाटी शेजारणीच्या भरोशावर टाकून आलीय मी. ती मपली भेंडी आपली म्हणून इकती.

सारजाबाई : आठवडाभर तोंड मिटून बसायचं ते मला. तू तर दिवसभर ओरडत असतेस. जरा सबुरीनं घे. दात कुठं राहिलेत मला.

सरूबाई : दात नाय म्हणून का बोलायचंय म्हणून, ते मला ठाऊक हाय.

सारजाबाई : तिला पण असलाच ठेचा दिलास?

सरूबाई : असलाच.

सारजाबाई : आणि वांगं?

सरूबाई : वांगं पण. एकाच कढईतलं. आक्का, तुमच्या डब्यात जास्त हाय का तिच्या डब्यात, ते बघायला तुम्ही जग सोडून इथं आलाव का?

सारजाबाई : सहज विचारलं.

सरूबाई : बरं, तुमचं सहज झालं असंल तर मपलं ऐका. फादरनी निरोप दिलाय. त्या पलीकडच्या दगडाबाईचं परीक्षेचं साल आता सरलं. तिला कायमचं इथं ऱ्हावू द्यायचं का नाय, ते ह्या महिन्यात ठरतंय. फादर म्हनले, सारजाबाई थोरल्या, डोंगरावरचं मौन त्यांना ठाऊक. त्या हो म्हनल्या तर ती बिशपसाहेबांपुढं वचन घेईल, नाय म्हनल्या तर ती खाली उतरंल. आज मला जवाब घेऊन जायचाय. हो का नाय, तेवढंच.

सारजाबाई : नाही.

सरूबाई : आवं, घास तर गिळा आधी.

सारजाबाई : गिळला. नाही म्हणून सांग.

सरूबाई : असं नुस्तं नाय म्हनून चालतंय व्हय? फादर इचारतील, कामून नाय म्हनल्या? मी काय सांगू, भाकर गार व्हती म्हनून?

सारजाबाई : सांग की तिथं बाजार भरतो. एकांताचं ठिकाण आहे का शुक्रवारचा आठवडी बाजार? पाऊलवाट मोडून गाडीवाट झाली तिच्या टेकाडाला. इथं बसलं तरी पोरांची रडारड ऐकू येते. किती माणसं होती आज?

सरूबाई : तुम्हाला काय करायचंय?

सारजाबाई : मला काय करायचंय. फादरना सांगायला लागेल म्हणून.

सरूबाई : व्हती की. वट्यावर टेकायला जागा नव्हती.

सारजाबाई : ओटा? तिला ओटा कुठला?

सरूबाई : खालच्या वस्तीवरल्या बद्रीनाथनं बांधून दिला. म्हैस सापडली ना त्याची.

सारजाबाई : तिनं शोधली का?

सरूबाई : शोधली नाय. त्याची म्हैस गाभण, दोन-तीन दिस पत्ता नाय. हा तिच्यापुढं जाऊन बसला, रडला. ती काय बोलंना. बोलायचंच नाय तर बोलंल कशी. नुस्ती बघत ऱ्हायली त्याच्याकडं. हा खाली उतरला तर वढ्यात म्हैस उभी.

सारजाबाई : म्हैस ओढ्यात नाही उभी राहणार तर काय देवळात मिस्सेला येऊन उभी राहील?

सरूबाई : ते तुम्ही बद्रीनाथला सांगा. तो आता दर गुरुवारी दूध आणून ठिवतो तिच्या दारात.

सारजाबाई : ती म्हैस मी आधी बघितली होती. इकडच्या बाजूला, त्या हिवराच्या झाडाखाली. दोन दिवस तिथंच बसून होती.

सरूबाई : आन मंग सांगायचं नाय व्हय?

सारजाबाई : मौन होतं माझं. म्हशीसाठी मोडू?

सरूबाई : हात तर करायचा, आक्का.

सारजाबाई : कुणाला करू? माझ्याकडं विचारायला आलं होतं का कुणी? बद्रीनाथ ह्याच टेकाडाखालून गेला, मान वर करून बघितलं नाही. दूध म्हणे. माझ्या दारात कुणी ताक आणून ठेवलं का कधी?

सरूबाई : तुमच्याकडं कोन येईल? पयल्या साली वस्तीवरली ती सगीरा नातवाला घेऊन आलती, लेकराच्या डोक्यावर हात ठिवा म्हनून. तुम्ही दार लावून घेतलं. लेकरू भेदरून आठ दिस झोपलं नाय. त्याच्यावर सगळ्या वस्तीत झालं, वरची म्हातारी खेकसती.

सारजाबाई : खेकसले कुठं? दार लावलं नुसतं.

सरूबाई : तुम्ही दार पण खेकसल्यासारखंच लावता.

सारजाबाई : मी बोर्डिंगात जन्मभर मुलींचा स्वयंपाक केला, सरू. शंभर ताटल्यांचा आवाज, शंभर मुलींची कलकल. रात्री झोपले तरी कानात ताटल्या वाजायच्या. तेव्हापासून एकच मागत होते देवाकडं, की मला कुठंतरी एकटीला ठेव. म्हातारपणी ठेवलं त्यानं. ही सीताफळाच्या राखणीची खोली दिली. दार नको लावू तर काय करू?

सरूबाई : लावा. कोन नको म्हनतंय. पर मंग ती दार उघडं ठिवती म्हनून तुम्हाला कामून झोंबतंय?

सारजाबाई : मला कुठं झोंबतंय.

सरूबाई : नाय, मला वाटलं.

सारजाबाई : तिच्या क्रूसाला चुना दिलाय म्हणे कुणीतरी. पांढरा शुभ्र दिसतो इथून.

सरूबाई : कुठून दिसतो?

सारजाबाई : ह्या खिडकीतून.

सरूबाई : तरीच. मी आल्यापासून बघायलीय, तुमची चटई इकडं खिडकीकडं कव्हा आली? मागं तिकडं भिताडाला असायची, क्रूसापुढं. आता क्रूस तुमच्या पाठीमागं.

सारजाबाई : तिकडं ओल येते.

सरूबाई : ह्या दिवसात? आवं, सहा महिन्यांत पावसाचा थेंब नाय.

सारजाबाई : सरू, तू भाकरी द्यायला आलीस का झडती घ्यायला?

सरूबाई : मी जवाब न्यायला आलीय. तुम्ही नाय म्हनताव, का म्हनताव ते मी बघायलीय. गर्दीचं झालं. गर्दी काय ती बोलवायला जात नाय. दुसरं काय हाय?

सारजाबाई : तिचं पहाटेचं नाटक.

सरूबाई : कसलं नाटक?

सारजाबाई : कंदिलाचं. तुला काय माहीत, तू घोरत असतेस तेव्हा. ऐक. मी घड्याळ नाही ठेवलं इथं. इथं आले तेव्हापासून खालच्या रस्त्यानं वाळूजच्या पहिल्या पाळीची कंपनीची बस गेली, तिचे दिवे दिसले, की मी उठायची. कंदील लावायचा, जपमाळ हातात घ्यायची. सगळ्या मुलखात माझ्या एकटीचा कंदील पेटलेला असायचा. आणि ही आली.

सरूबाई : मंग?

सारजाबाई : पहिल्याच रात्री, बस यायच्या आधी हिचा कंदील. मला वाटलं, मलाच उशीर झाला. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी बसची वाट न बघता उठले. झाला माझा आधी. तर तिसऱ्या दिवशी हिचा त्याच्याही आधी. मग मी अजून लवकर. मग ती अजून. मुद्दाम, मला दाखवायला. की बघ म्हातारे, तू लोळत पडलीस आणि मी देवापुढं बसले. असली स्पर्धा करायला डोंगरावर यायचं का माणसानं?

सरूबाई : करायचं नाय. मंग आता कव्हा उठता?

सारजाबाई : आता झोपते कुठं. डोळा लागला की दचकून खिडकीतून बघते, तिचा लागला का. आताशा आम्ही बसतो तेव्हा कोल्ह्यांची ओरड सुद्धा सुरू झालेली नसते.

सरूबाई : म्हनून व्हय.

सारजाबाई : काय म्हणून?

सरूबाई : रॉकेल. तुमचा डबा महिनाभर पुरायचा. आता पंधरवड्यात हलवला की खडखड वाजतो. तिचा पण तसाच. मी त्या रेशनवाल्याशी भांडून भांडून बेजार. तो म्हनतो, तुमच्या घरात दोन बाया गप बसतात का गिरणी चालिवतात? तुमचा भाऊ म्हनतो, आक्का रातची वाचत असंल. मी म्हनलं, आक्काला दिवसा दिसंना, रातचं काय वाचंल.

सारजाबाई : हे सांग फादरना. रॉकेलची नासाडी. सांग की तिनं देवासाठी नाही, माझ्यासाठी कंदील लावला.

सरूबाई : आन तुम्ही कुणासाठी लावला?

सारजाबाई : पाणी दे.

सरूबाई : घ्या. सावकाश. आक्का, आज तिनं मला काय सांगितलं, सांगू?

सारजाबाई : मला नाही ऐकायचं.

सरूबाई : बरं.

सारजाबाई : काय सांगितलं?

सरूबाई : ऐकायचं नव्हतं ना?

सारजाबाई : सरू, माझ्या हातात अर्धीच भाकरी उरली आहे.

सरूबाई : ती चालली.

सारजाबाई : कुठं?

सरूबाई : खाली. घरी. मला म्हनली, सरूबाई, फादरना सांगा, मी ह्या कामाची नाय. मला झेपत नाय. त्या थोरल्या बाई काय म्हनतील ते म्हनोत, मीच उतरते.

सारजाबाई : एवढी माणसं येतात, ओटा बांधला, चुना लावला, आणि चालली?

सरूबाई : तुमच्यामुळं.

सारजाबाई : मी काय केलं तिला? वर्षभरात तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

सरूबाई : तुमचा कंदील, आक्का. ती दवाखान्यात नर्स व्हती ना, रातपाळीची सवय. इथं आली त्या रातीला झोप येईना म्हनून कंदील लावून बसली. तुम्हाला दाखवायला-बिखवायला नाय. दुसऱ्या दिवशी उठली तर तुमचा आधीच पेटलेला. मेल्याहून मेल्यावानी झालं तिला. म्हनली, म्हातारं माणूस उठून जपाला बसलंय आन मी धडधाकट पडून हाय. म्हनून तिसऱ्या दिवशी लवकर उठली. तर चौथ्या दिवशी तुम्ही तिच्या आधी. तुमच्यावानीच सगळं. ती पण रातभर खिडकीपाशीच बसती. तुमच्या खिडकीकडं तोंड करून.

सारजाबाई : माझ्याकडं?

सरूबाई : तुमच्याकडं नाय तर काय बद्रीनाथच्या म्हशीकडं? हाल बघवंनात तिचे. डोळ्याखाली काळं पडलंय, जपमाळ हातातून गळती. आन खरं सांगू? ती लोकांपुढं बसती ना डोळे अर्धे मिटून, ती झोपलेली असती. बसल्या जागी. लोकं म्हनतात ध्यान लागलं. बद्रीनाथ रडत व्हता तव्हा पण डोळा लागलाच व्हता म्हनली. म्हैस का काय, तिला आजवर ठाऊक नाय. दूध कामून येतं तेच तिला कळंना.

सारजाबाई : झोपली होती?

सरूबाई : हसा, हसा. किती दिवसांनी तुमच्या हिरड्या बघितल्या.

सारजाबाई : मी हसले नाही. ठसका लागला.

सरूबाई : व्हय, लागला.

सारजाबाई : आणि माझ्याबद्दल काय म्हणाली? परत सांग.

सरूबाई : म्हनली, ती बाई संत हाय.

सारजाबाई : संत म्हणाली?

सरूबाई : म्हनली, तिला भूक नाय, झोप नाय, माणसं नको, कौतुक नको. आपल्याकडं चार लोकं आली तर मला बरं वाटतं, चोरून बरं वाटतं, आन ती दार लावून देवाजवळ बसती. मला हेवा वाटतो तिचा. असा हेवा मनात ठिवून मी वचन कसं घेऊ?

सारजाबाई : हेवा म्हणाली?

सरूबाई : तोच शब्द.

सारजाबाई : माझा? माझ्या क्रूसाला वाळवी लागली आहे, सरू.

सरूबाई : ती तिकडून दिसत नाय. कंदील दिसतो.

सारजाबाई : संत म्हणाली. बोर्डिंगातल्या सिस्टरनी मला कधी चांगली सुद्धा म्हटलं नाही. भात कच्चा म्हणायच्या.

सरूबाई : आता मपलं ऐका. भाकर संपत आली. तुमचं काम झालंय. तुम्ही हो पण म्हनू नका, नाय पण म्हनू नका. उरलेला तुकडा तोंडात टाका. मी फादरना सांगते, सारजाबाईचं मौन लागलं, काय बोलल्या नाय. ती आपल्या पायानं उतरंल. तुमच्याकडं कुणी बोट दाखवायचं नाय. टेकाडं दोन्ही तुमची, मुलूख तुमचा, तुमच्या एकटीचा कंदील. आन मपला पण एक चढ वाचंल, गुडघे गेलेत मपले. ती घरी जाऊन जन्मभर सांगंल, की मी एक संत बघितली.

(सारजाबाईंच्या हातात शेवटचा तुकडा.)

सरूबाई : खावा की.

सारजाबाई : थांब.

सरूबाई : आता कशाला थांबू? नाय म्हनायचं व्हतं ना तुम्हाला? न म्हनता झालं. असं मौन तर कुणाच्या नशिबी नसतं.

सारजाबाई : थांब म्हणते ना. सरू, मला तिचा फार राग येतो.

सरूबाई : ते दिसलं मला.

सारजाबाई : नाही दिसलं तुला. असा राग मला कधी कुणाचा आला नाही. तुला पाच लेकरं झाली, मला एकाला मांडीवर घ्यायला मिळालं नाही, तेव्हा सुद्धा नाही आला. थोडा आला.

सरूबाई : ठाऊक हाय. बारशाला तुम्ही पोटात दुखतंय म्हनून आल्या नव्हत्या.

सारजाबाई : ते सगळं मी खाली ठेवून आले. भांडी, मुली, तुझी लेकरं. एकच गोष्ट वर आणली. इथं मी एकटी असेन आणि तो असेल. मला वाटलं, आता तरी तो माझ्याकडंच बघेल, माझ्या पुढं कुणी नसेल. आणि ही आली न् त्याला आम्ही दोघी झालो. जप करायला बसले की वाटायचं, तो तिकडंच बघत असेल. ती तरणी, तिचे गुडघे दुखत नाहीत, तिच्याकडं माणसं येतात. माझ्याकडं त्याची पाठ.

सरूबाई : सवत आल्यावानी.

सारजाबाई : सवत परवडली. सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात.

सरूबाई : आक्का, देव काय औरंगपुऱ्यातला कापडवाला हाय का, की एक गिऱ्हाईक आलं की दुसऱ्याला पाठ दाखविली? आन त्याला तुम्ही दोघीच हाव व्हय? मी रोज पाटी डोक्यावर घेताना येशूचं नाव घेते, मपल्याकडं कधी बघितलं त्यानं, ते मी इचारायला जाते का?

सारजाबाई : तू जात नाहीस. मी जाते. मी असली आहे.

सरूबाई : व्हय, असल्याच हाव. मंग काय सांगू फादरना? तुकडा किती येळ असा धरून बसताव?

सारजाबाई : ती गेली तर काय होईल, ते बघत होते मी.

सरूबाई : काय व्हईल? झोप मिळंल तुम्हाला.

सारजाबाई : मिळेल. तेच म्हणते मी. ती यायच्या आधी काय चालायचं, ते तुला म्हणून सांगते. बसचे दिवे दिसायचे आणि मी गोधडीतून बघायची. बस निघून जायची. मी म्हणायची, आज गुडघा दुखतोय, उद्या उठू. कोण बघतंय इथं. आठवड्यातून दोन दिवस तरी कंदील लागायचा नाही. मुलखात एकटीचा कंदील म्हणाले ना मघाशी? तो सुद्धा लागायचा नाही.

सरूबाई : आता गं बाई.

सारजाबाई : ती आल्यापासून एक दिवस खाडा नाही. रागानं उठले, पण उठले. देवाला शिव्या देत जप केला, पण केला. ती गेली तर मी परत गोधडीत. आणि ती तिकडं घरी बसून सांगणार, मी संत बघितली. मला ते आवडतंय, सरू. आत्ता सुद्धा, हे बोलताना सुद्धा, फार गोड लागतंय. म्हणून भीती वाटते.

सरूबाई : मंग?

सारजाबाई : फादरना सांग, हो. राहू दे तिला.

सरूबाई : हो?

सारजाबाई : हो. परत विचारू नको, बदलेन मी. आणि तिला सांग, म्हातारी संत नाही. म्हातारी तुझा कंदील बघून उठत होती, तुला मागं टाकायला. तू माझा बघत होतीस, मी तुझा बघत होते. देवाकडं कुणीच बघत नव्हतं.

सरूबाई : असं सगळं सांगू? लाज नाय वाटायची तुम्हाला?

सारजाबाई : वाटेल. म्हणून तर तू सांग, मी नाही. आणि म्हणावं, उद्यापासून माझ्या खिडकीकडं बघायचं नाही. खाली रस्त्याकडं बघायचं. वाळूजची बस गेली की उठायचं, तिनं पण आणि मी पण. त्याच्या आधी कंदील लावायचा नाही कुणी.

सरूबाई : आन तिनं लावला तर?

सारजाबाई : लावला तर मला येऊन सांग.

सरूबाई : आक्का.

सारजाबाई : बरं, नको सांगू. ती चटई धर त्या टोकानं. ओढ. अजून. क्रूसापुढं घे. हां.

सरूबाई : ओल येती ना तिकडं?

सारजाबाई : येऊ दे. पुढच्या रविवारी आधी तिकडं जा. तिला ऊन भाकरी दे, तिचा जीव गेलाय जागून जागून. मग इकडं ये.

सरूबाई : आन मंग गार भाकर म्हनून मपलं डोकं खाताल.

सारजाबाई : गार भाकरी चावायला वेळ लागतो. तेवढंच बोलायला मिळतं.

सरूबाई : तुम्ही न्, आक्का, देवालाच पुरून उरणार. टाका आता तो तुकडा तोंडात, ऊन कलायला लागलं. … झालं? गिळलात? बरं. आता मपलं मी बोलते, तुम्ही ऐका. फादरना हो सांगते. तिला बसचं सांगते. पर ते कंदिलाचं नाय सांगत, जाऊ द्या. ऱ्हावू द्या तुम्हाला संत, तिच्यापुढं. कुणाचं काय जातंय? … पदर कशाला धरला? सोडा. … आवं, सोडा, फाटंल. … बरं, बरं. सांगते. संत नाय म्हनून सांगते, जसंच्या तसं. झालं समाधान? … आता आणखी काय? सोडा की पदर. … आन तिला ऱ्हावू दे म्हनून तुम्हीच म्हनलात, ते पण सांगू का? … हां. आता सोडला.